माती तपासून काय होणार? मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि आपले आरोग्य

वाफसा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सदाशिव पेठेत एका मुंजीच्या पंगतीत माझ्या भाचीला बारावीनंतर काय करणार असे कोणीतरी विचारले. कृषी पदवीला प्रवेश घेऊन पुढे मृदाशास्त्रात शिकायचे आहे, असे तिने सांगताच समोर बसलेल्या एका काकांनी "म्हणजे माती तपासणार? त्यात जन्मभर पुरेल एवढे आहे तरी काय?" असा प्रश्न केला. मी माती परीक्षण प्रयोगशाळेत ३१ वर्षे काढली आहेत. तरीही त्या क्षणी मला "जमिनीची सुपीकता" एवढेच पुटपुटता आले आणि जिलबीकडे वळावे लागले. जे उत्तर पंगतीत देता आले नाही, ते येथे सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले तेथे कान धरावा.

सुरुवात पिंपरीपासून करतो. क्षयरोगावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळाले. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते मिळाले ते सेलमन वाक्समन वैद्य नव्हते, मातीतील सूक्ष्मजीवांचे अभ्यासक होते. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात कोण कोणाला वाढू देत नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांना १९५२ मध्ये नोबेल मिळाले. ज्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष तो जीव वेगळा केला, त्या अल्बर्ट शाट्झ यांना त्या पारितोषिकात वाटा मिळाला नाही, ही त्या कथेतील बोचरी बाजू आहे. पुढे १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि तेथे तिरुमलाचार या बुरशीशास्त्रज्ञांच्या गटाने हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. ते देणाऱ्या मातीतील सूक्ष्मजीवाचे नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे आहे. आपल्या पिंपरीचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात अशा रीतीने नोंदले गेले आहे, हे पुण्यातही फारसे कोणाला ठाऊक नसते. तिरुमलाचार मूळचे पिकांच्या रोगांचे अभ्यासक होते, आणि त्याच गटाचे ऑरिओफंगिन हे दुसरे द्रव्य पिकांवरील बुरशीसाठी वापरले गेले. माणसाचे औषध आणि झाडाचे औषध एकाच टेबलावर निघाले, असे म्हटले तरी चालेल.

जाता जाता एक गोष्ट. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जो वास येतो, त्यातील मुख्य द्रव्य जिओस्मिन हे स्ट्रेप्टोमायसिसच्याच कुळातील जीव तयार करतात.

दुसरा मुद्दा जस्ताचा आहे. आपली दख्खनची काळी जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकापासून झाली आहे. ती सुपीक असते, परंतु तिच्यात चुनखडी असते आणि तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) बहुधा ८ च्या आसपास किंवा वर असतो. अशा जमिनीत लोह आणि जस्त नसते असे नाही. ते पुष्कळ असते, पण मुळांना घेता येईल अशा विद्राव्य रूपात राहत नाही. कोठारात धान्य आहे आणि किल्ली हरवली आहे, अशी पिकाची अवस्था होते. देशभर तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त कमी आढळते. मातीत जे मुळांना मिळत नाही ते दाण्यात कमी उतरते, आणि दाण्यात जे नसते ते ताटात कोठून येणार? येथून पुढचे डॉक्टर मंडळींनी लिहावे.

ओपीडीतून

वाफसा यांनी चेंडू टाकलाच आहे, तर लिहितो. मी बालरोगतज्ज्ञ आहे, मातीचा नाही.

माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हे वैद्यकाने १९६०च्या दशकाच्या आरंभीपर्यंत गंभीरपणे मानलेच नव्हते. आनंद प्रसाद या भारतीय वंशाच्या वैद्यांना इराणमध्ये वाढ खुंटलेले तरुण रुग्ण दिसले. त्यांचा आहार जवळजवळ पूर्णपणे बिनखमिराच्या रोटीचा होता. पुढे इजिप्तमधील अभ्यासातून त्यामागे जस्ताचा अभाव असल्याचे स्पष्ट झाले. आज अतिसार झालेल्या बाळाला जलसंजीवनीबरोबर १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची जी प्रथा आहे, तिचे मूळ या कामापर्यंत जाते.

मात्र जमिनीत जस्त टाकले की मूल सुदृढ झाले, असा सरळ हिशेब कोणी मांडू नये. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते, ते लोह आणि जस्त या दोहोंना धरून ठेवते आणि आतड्यात शोषले जाऊ देत नाही. कडधान्याला मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने ते कमी होते. म्हणजे मटकीला मोड आणणारी आजी आणि जमिनीत झिंक सल्फेट टाकणारा शेतकरी हे दोघेही एकच काम दोन टोकांनी करत असतात.

माती आणि रोग यांचा सर्वांत स्वच्छ पुरावा मला आयोडीनचा वाटतो. हिमालयाच्या पायथ्याच्या जमिनीतील आयोडीन हिम, पाऊस आणि पूर यांनी युगानुयुगे धुऊन नेले, म्हणून तेथील पिकांत ते नाही आणि म्हणून तेथे गावेच्या गावे गलगंडाने ग्रासलेली असत. वैद्यकीय संशोधक व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागाला साधे मीठ पुरवून अनेक वर्षे मुलांचे गळे तपासले. आयोडीनच्या भागांत गलगंड स्पष्टपणे ओसरला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेथे उपाय मिठातून झाला. फिनलंडने सेलेनियमच्या बाबतीत १९८०च्या दशकाच्या मध्यात वेगळा मार्ग धरला आणि देशभरातील रासायनिक खतांतच ते मिसळणे सुरू केले, त्यामुळे गवत, दूध, गहू आणि शेवटी लोकांचे रक्त या सर्वांत त्याचे प्रमाण वाढले. एका देशाने आपल्या मातीचे दुखणे ओळखून खताच्या गोणीतून नागरिकांवर उपचार केले, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आणि एक सूचना, कारण पावसाळ्यात हौशी बागकाम सुरू होते: धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. खुरप्याने हात कापला आणि लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर लगेच डॉक्टरकडे जा.

जुनापुणेकर

सर्व वाचले. माहिती रंजक आहे, परंतु मला पटलेले नाही. माझ्या आजोबांची खेड-मंचरकडे शेती होती. त्यांनी कधी मातीचा नमुना कोठे पाठवला नाही. तुरीनंतर ज्वारी घ्यायची, शेतात मेंढ्या बसवायच्या, तळ्यातील गाळ आणून टाकायचा, एवढ्यावर जमीन तीन पिढ्या टिकली. पुढे शास्त्र आले, त्याबरोबर रासायनिक खतांच्या गोण्या आल्या, आणि आज तीच जमीन ढेकळांची झाली आहे. जे शास्त्राने बिघडवले ते शास्त्रच दुरुस्त करणार, हे म्हणजे आग लावणाऱ्यानेच बंब पाठवण्यासारखे झाले.

वाफसा (धागाकर्ता)

जुनापुणेकर, आपला राग रास्त आहे. युरिया स्वस्त म्हणून हवा तेवढा टाकणे आणि सेंद्रिय कर्बाकडे (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून जमिनीत येणाऱ्या कार्बनकडे) पाहायचेसुद्धा नाही, असे शास्त्राने कधी सांगितले नव्हते. पण ते घडत असताना आमच्यातले पुष्कळजण गप्प बसले, हेही मी कबूल करतो. मी स्वतः शेकडो अहवालांवर ठरावीक खतमात्रेचा शिक्का मारला आहे.

तुरीनंतर ज्वारी का साधते, हे मात्र आजोबांना ठाऊक होते त्यापेक्षा अधिक कळणे उपयोगाचे ठरले. हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघा जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवले की शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतला नत्र पिकाला उपलब्ध करून देतात. तुरीचे जिवाणू आपल्या जमिनीत पूर्वापार आहेत, म्हणून आजोबांना काही करावे लागले नाही. सोयाबीन मात्र आपल्याकडे नवे पीक होते आणि त्याला लागणारा जिवाणू आपल्या जमिनीत बहुतेक ठिकाणी नव्हता. केवळ परंपरेवर विसंबून ते पेरले असते, तर गाठी आल्याच नसत्या. म्हणून पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतात. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी पीक फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास एक रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली तर ती काम करत आहे, पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसतीच बसलेली आहे. तो गुलाबी रंग ज्या द्रव्याचा असतो, ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे भावंड आहे.

निरेकाठ

मी बारामती तालुक्यात ऊस करतो. येथे बहुतेकांनी पुस्तकातले लिहिले आहे, मी खिशातले लिहितो.

नीरा डावा कालवा १८८५ चा. पाणी आले, ऊस आला, पैसा आला, आणि दोन पिढ्यांत सखल जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आमच्या याच पट्ट्यात आहे. आमच्या दोन एकरांत ऊस उगवायचा, गुडघ्याएवढा व्हायचा आणि थांबायचा. कोणीतरी जिप्सम सांगितले, म्हणून मी एका वर्षी ट्रकभर जिप्सम आणून पसरले. काहीही झाले नाही. त्यानंतर नमुना तपासला, तेव्हा कळले की माझी जमीन खारवट होती, चोपण नव्हती.

शहरातील वाचकांना फरक सांगतो, कारण या एका फरकावर माझे पैसे बुडाले. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, क्षारांचे माप असलेली विद्युत वाहकता ४ च्या वर जाते, पण सामू साधारण साडेआठच्या आत असतो. अशा जमिनीला चर काढून निचरा द्यायचा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे, हाच उपाय. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, सामू साडेआठच्या वर असतो, चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी वरच तुंबते आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. तेथे जिप्समातील कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम बाहेर जाण्यासाठी तेथेही निचरा लागतोच. पाहुण्याला उठवले आणि दार बंद ठेवले, तर तो पुन्हा तेथेच बसणार. मी पुढे सच्छिद्र नळ्यांचा निचरा केला, पाचट जाळणे बंद केले, मधल्या दोन पावसाळ्यांत धैंचा हे हिरवळीचे पीक जमिनीत गाडले. तिसऱ्या वर्षी त्या दोन एकरांत पुन्हा कांड्या सुटल्या.

जुनापुणेकरांना एवढेच म्हणतो की आपल्या आजोबांच्या शेताला कालवा नव्हता. कालवा आल्यावर आजोबांचे ज्ञान अपुरे पडले, त्यात त्यांचा काही दोष नाही.

मुठाकाठ

मी स्थापत्य अभियंता आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावती या भागांत काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. ओढ्याचे पात्र आवळले गेले ही चर्चा झाली. परंतु वरच्या अंगाला किती जमीन झाकली गेली, याची चर्चा तेवढी झाली नाही. आमच्या क्षेत्रात मातीला 'पाया खणताना काढून टाकायची वस्तू' एवढेच स्थान आहे.

येथे एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण तो पर्यावरणप्रेमी मंडळींतही दिसतो. जमीन उघडी ठेवली की पाणी आपोआप मुरते, हे काळ्या मातीबाबत खरे नाही. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून झपाट्याने खाली जाते. पण तिच्यातील चिकणमाती फुगून भेगा मिटल्या की पुढचे पाणी फार सावकाश मुरते आणि वाहू लागते. तिला मुळे हवीत, पालापाचोळा हवा, गांडुळांची बिळे हवीत. उताराला आडवे बांध, आडवी पेरणी, ओल जमिनीत धरून ठेवणे यांचा देशातील पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास १९२३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरी गावी तांबे नावाच्या नव्हे, तर ताम्हाणे नावाच्या शास्त्रज्ञांनी सुरू केला (मी कित्येक वर्षे चुकीचे नाव सांगत होतो, म्हणून मुद्दाम लिहिले). पुढे १९३३ पासून सोलापूर, विजापूर अशा ठिकाणी ते काम वाढले. आज पाणलोट क्षेत्राची जी कामे आपण पाहतो, त्यांच्या मागे ही कोरडवाहू शेतीची प्रयोगक्षेत्रे आहेत. मांजरीत आता काय दिसते ते सोलापूर रस्त्याने जाताना पाहावे.

टाकळा

वनस्पतींच्या बाजूने कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पाने दाबून वाळवतो, त्यांना लॅटिन नावे देतो आणि कपाटात ठेवतो. याचा समाजाला काय उपयोग, असे मलाही पदव्युत्तर शिक्षण घेताना विचारले गेले होते.

उत्तर पुण्याच्या उकिरड्यावर आहे. काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत, भारतासाठी नवी नोंद म्हणून प्रसिद्ध झाले ते १९५६ मध्ये, राव यांच्या टिपणातून, आणि ते सापडले होते पुण्यात. नंतर काही दशकांत ते देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांच्या त्वचेला चिवट इसब होते आणि परागकणांमुळे नाक व श्वासनलिकेचा त्रास होतो. १९७०च्या दशकात पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद जगापुढे मांडली. वनस्पती ओळखणारा माणूस येथे रोगाचे कारण ओळखणारा पहिला माणूस ठरतो, कारण नाव कळल्याशिवाय तिचा मूळ देश कळत नाही, आणि मूळ देश कळल्याशिवाय तिचे नैसर्गिक शत्रू शोधता येत नाहीत. या तणाचा मूळ प्रदेश मेक्सिको आणि परिसर, म्हणून तेथील एक भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला चाचण्यांनंतर सोडण्यात आला. तो पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतो. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याची तक्रार आली आणि बराच गदारोळही झाला, तेव्हा हा उपाय अगदी बिनघोर होता असे मी म्हणणार नाही.

माझे सभासदनाम ज्यावरून घेतले त्या टाकळ्याच्या कुळातील वनस्पती गाजर गवताला जागा देत नाहीत, असे प्रयोगांत आणि रस्त्याकडेलाही दिसते. टाकळ्याची भाजी पहिल्या पावसात मिळते, ती खावी, हे वेगळे सांगत नाही.

नवी_पालवी

मी वाफसामामांची भाची. मामांनी मुंजीतला प्रसंग लिहिला, पण त्या काकांनी नंतर मला "पास झालीस की आमच्या गच्चीतील मोगऱ्याला काय झाले ते सांग" असे म्हटले होते, ते लिहिले नाही. माझा प्रश्न असा आहे की धान्यातच लोह आणि जस्त वाढवलेले वाण निघाले आहेत असे मी वाचले. त्यांचा खरोखर उपयोग होतो का, की तेही जाहिरातीपुरतेच आहे?

वाफसा (धागाकर्ता)

ते काकांचे वाक्य मी मुद्दामच गाळले होते.

विधी महाविद्यालय रस्त्याजवळची आघारकर संशोधन संस्था तू पाहिली आहेस. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला तिचे पहिले संचालक, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव दिले आहे. तिने काढलेला 'एमएसीएस ४०२८' हा बन्सी गव्हाचा वाण कमी पाण्यावर येतो, आणि त्यात प्रथिने सुमारे १४.७ टक्के, जस्त दशलक्ष भागांत ४०.३ आणि लोह ४६.१ भाग असल्याचे नोंदले आहे. बाजरीत 'धनशक्ती' हा लोहसमृद्ध वाण आपल्या राज्यासाठीच प्रथम आला. अशा लोहसमृद्ध बाजरीची भाकरी नगर जिल्ह्यातील वसतिगृहांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना काही महिने देऊन पाहिली, तेव्हा साध्या बाजरीच्या तुलनेत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा अधिक वाढला. तेव्हा उपयोग आहे.

पण मातीत मिळण्याजोगे जस्त नसेल, तर वाण कितीही गुणी असला तरी तो दाण्यात जस्त आणणार कोठून? वाण काढणाऱ्याला माती तपासणाऱ्याची गरज पडते ती येथे.

ओपीडीतून

वरील बाजरीच्या प्रयोगाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. रक्तक्षय झालेल्या मुलीने गोळ्या सोडून भाकरीवर विसंबू नये. असे वाण तूट भरून काढण्यापेक्षा तूट होऊ न देण्यासाठी आहेत. डाळ, पालेभाजी, अंडे, त्यावर लिंबू, हे ज्या घरात रोज जमते त्या घराला धनशक्तीची फारशी गरज नाही. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी आणि चटणीच असते, त्या घरासाठी ती आहे.

परात

मी शेंगदाण्यांच्या व्यवसायात आहे. दाणे पूर्ण न वाळवता पोत्यात भरले की त्यावर एक पिवळसर हिरवी बुरशी येते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते, हे मला एका वनस्पतिरोगशास्त्राच्या प्राध्यापकांनी शिकवले. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत भिजलेला मका खाऊन ३९७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १०६ दगावले, ते याच विषाने. काढणीच्या आधी पाण्याचा ताण पडला तर ही बुरशी शेतातच शेंगेत शिरते. कुबट किंवा कडवट लागणारा दाणा भाजून कूट करू नका. भाजल्याने ते विष पूर्ण जात नाही.

सोसायटी_सचिव

धागा उत्तम चालला आहे. माझी अडचण घरगुती आहे, पण विषयाला धरून आहे. आमची सोसायटी पिंपळे सौदागरला आहे. बागेत मोगरा, लिंबू आणि एक्झोरा पिवळे पडले आहेत. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. समितीतील काहींचे म्हणणे असे की माती 'संपली' आहे, ती उचलून टाकावी, निम्म्या भागात फरशीचे ठोकळे बसवावेत आणि निम्म्यात तांबडी माती आणून भरावी. एका रोपवाटिकेने तीन वेळा 'टॉनिक' विकले, त्याचाही उपयोग झाला नाही.

जुनापुणेकर

पिंपळे सौदागर हे नाव वाचून राहवत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान, जे मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांनी याच गावाचा घरोघर, शेतोशेत अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या गावातील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आल्याचे दाखवले आहे. शिवाय ती ७ एकरही विखुरलेल्या तुकड्यांत. मातीचा माणूस कर्जाच्या आणि वाटण्यांच्या हिशेबापर्यंत पोहोचला, कारण मातीचे प्रश्न मातीत संपत नाहीत असे त्यांना दिसले असावे. भारतातील खेड्यांच्या आर्थिक अभ्यासात हे काम अगदी सुरुवातीचे मानतात. तेव्हा सचिव महाशय, आपण ज्या मातीवर ठोकळे बसवणार आहात, ती तशी साधीसुधी नाही.

(वरच्या माझ्या प्रतिसादाशी हे विसंगत आहे, हे कोणी दाखवण्याआधी मीच दाखवतो.)

वाफसा (धागाकर्ता)

सचिव, माती उचलू नका. आपण वर्णन केलेली लक्षणे लोहाच्या कमतरतेची, म्हणजे शेतकरी ज्याला केवडा म्हणतात त्याची दिसतात. पण लक्षणांवरून औषध देणे हे त्या टॉनिकवाल्यासारखेच होईल. आधी नमुना घ्या. बागेत सात-आठ ठिकाणी वरचा पाचोळा बाजूला करून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करा, त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. खताच्या ढिगाजवळची जागा टाळा. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवा, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत तेच पुन्हा करा.

सोसायटी_सचिव

अहवाल आला. सामू ८.३, विद्युत वाहकता ०.४, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, चुनखडी ११ टक्के, लोह २.६, जस्त ७.९ (दोन्ही किलोमागे मिलिग्रॅम). समितीतील एकांनी जस्त भरपूर आहे, म्हणजे माती उत्तम आहे, असे जाहीरही केले.

वाफसा (धागाकर्ता)

लोहाची मर्यादा साधारण ४.५ धरतात, त्यामुळे २.६ हा आकडा पिवळेपणाशी जुळतो. जमिनीत नुसते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट टाकले तर ही चुनखडी त्याला काही दिवसांत निकामी करील. ते चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्ये मुरवून आळ्यात द्या. पानांवर अर्धा टक्का द्रावण, थोडा लिंबाचा रस घालून, सायंकाळी फवारा. चिलेट (लोहाला विद्राव्य रूपात धरून ठेवणारे संयुग) घेणार असाल तर चुनखडीच्या जमिनीत टिकणारे ईडीडीएचए प्रकारचे मागा, ईडीटीए प्रकारचे येथे फारसे टिकत नाही. कूपनलिकेचे पाणी बागेला देत असाल तर तेही तपासा. त्यातील बायकार्बोनेटमुळे हा त्रास वाढतो. पाणी कमी द्या, कारण सतत चिंब राहणाऱ्या मुळांना लोह घेता येत नाही.

जस्ताचा आकडा मात्र मला पटत नाही. जस्ताची मर्यादा ०.६ च्या आसपास धरतात आणि अशा जमिनीत ते सहसा तेवढेच किंवा त्याहून कमी निघते. ७.९ येण्याची दोन कारणे संभवतात: एक तर आपण शहरी कचऱ्याचे कंपोस्ट भरपूर घातले आहे, किंवा नमुना गोळा करताना काहीतरी चुकले आहे. माती कशात जमा केली होती?

सोसायटी_सचिव

कंपोस्ट फारसे घातलेले नाही. माती पहारेकऱ्याच्या बादलीत जमा केली होती. पत्र्याची, जस्ताचा मुलामा असलेली जुनी बादली आहे, आणि दोन दिवस ओली माती तिच्यातच राहिली होती.

नवी_पालवी

म्हणजे मामा, प्रयोगशाळेने बादली तपासली.

वाफसा (धागाकर्ता)

बऱ्याच अंशी, होय. सचिव, येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता आम्ही दोघे येतो आणि नमुना पुन्हा घेतो. प्लॅस्टिकचे स्वच्छ घमेले आणि बांबूची एक चपटी कामटी तयार ठेवा. लोहाचाही आकडा पुन्हा पाहायचा आहे, म्हणून गंजलेले खुरपे कोणी आणू नये. समितीची ठोकळ्यांची बैठक त्यानंतर ठेवता आली तर बरे होईल.

सोसायटी_सचिव

बैठक पुढच्या महिन्यावर ढकलली आहे. घमेले नवे आणले. चहा असेल.